एका बेडमागे हजार हेक्टर

लग्न नाही, आजारपण नाही, घराची दुरुस्ती नाही. तरीही मागच्या वर्षी मी एफडी मोडली. डोंबिवलीत ३८० चौरस फूट कार्पेटचा वन-रूम-किचन घ्यायचा म्हणून चार वर्षं डाउन पेमेंटसाठी साठवलेले पैसे. त्यातले निम्म्याहून जास्त मी तीन रात्रींत उडवले. होय, तीनच रात्री! आफ्रिकेतल्या नामिबिया नावाच्या देशात, वाळवंटाच्या मधोमध असलेल्या एका लक्झरी लॉजमध्ये.

कारण सांगते. फ्रीलान्सिंगमध्ये महिन्याचा खर्च भागवायला मी ट्रॅव्हल कंपन्यांची ब्रोशर्स लिहिते. 'निसर्गाच्या कुशीत' हे दोन शब्द मी आजवर इतक्या वेळा टाइप केलेत, की कीबोर्डला ते पाठ झालेत. त्यातच एकदा नामिबरँड नेचर रिझर्व्हबद्दल वाचताना एक नियम सापडला. या खासगी अभयारण्यात दर हजार हेक्टरला एकच पाहुणा-बेड. त्याहून जास्त नाही. हजार हेक्टर म्हणजे दहा चौरस किलोमीटर, जवळजवळ अडीच हजार एकर. मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. बृहन्मुंबई साधारण ६०० चौरस किलोमीटर. म्हणजे कुलाब्यापासून थेट दहिसर आणि मुलुंडपर्यंत मिळून ६० बेड. साठ! आमच्या लोकलच्या एका डब्यात सकाळी ८.२२ला याच्या कितीतरी पट बायका असतात.

बस्स, तिथेच डोक्यात किडा शिरला. आयुष्यात एकदा तरी एवढ्या जागेत एकटीने झोपून बघायचं. आईने 'एकटीच? वाळूत? एवढे पैसे देऊन?' असे तीन प्रश्न विचारले. तिन्हींचं उत्तर 'हो' होतं.

फेब्रुवारीत गेले. तिकडे तेव्हा उन्हाळा, म्हणून दर जरा खाली. मुंबईहून थेट विमान नाही, मध्ये बदलून विंडहोकला पोचायचं. हा देश महाराष्ट्राच्या अडीच पटीहून मोठा, आणि २०२३च्या जनगणनेत लोक किती, तर ३० लाख. २०११ साली एकट्या पुणे शहरात त्याहून जास्त होते. विंडहोकहून लॉजची गाडी घ्यायला येते. ज्यांच्याकडे आणखी पैसे असतात ते छोट्या विमानाने जातात. मी गाडीने. डांबर संपलं की खडीचा रस्ता सुरू होतो आणि तो संपतच नाही. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, फक्त समोरून गाडी यायला अर्धा-अर्धा तास लागतो. वाटेत सॉलिटेअर नावाचं गाव लागतं. गाव म्हणजे एक पेट्रोल पंप, दुकान, वाळूत रुतलेल्या गंजक्या जुन्या गाड्या आणि एक बेकरी. तिचा ॲपल पाय प्रसिद्ध आहे. गरमागरम मिळाला, खाल्ला, पुढे निघालो.

लॉजवर पोचल्यावर ओला थंडगार टॉवेल हातात देतात. मग सरबत. मग माझी खोली. तिला खोली म्हणणं म्हणजे वानखेडेला गल्लीतलं मैदान म्हणण्यासारखं. एक भिंत पूर्ण काचेची, पलंगावर डोक्याच्या वर छतात खिडकी, झोपून तारे बघायला. बाहेर ओटा, ओट्यावर बुडी मारण्यापुरता टँक. आणि समोर? काही नाही. पिवळं गवत, मग लाल वाळू, मग जांभळे डोंगर, आणि त्यात एकही खांब, तार, छप्पर, टॉवर नाही. मोबाईलला रेंज नाही. शेजारची खोली टेकाडाआड. मी दोन तास नुसती बघत बसले. मग, खरं सांगू, बोअर झाले.

खरा प्रश्न रात्री आला. शांतता म्हणजे नेमकं काय, हे आपल्याला माहीतच नसतं. आपली शांतता म्हणजे पंख्याची घरघर, लांबून जाणारी शेवटची कसारा, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची. इथे वारा पडला की स्वतःच्या कानात रक्त वाहताना ऐकू येतं. अंधार पडता पडता मात्र वाळूतून टक्-टक्-टक् असा आवाज सुरू झाला, आधी एक, मग दहा, मग चहूबाजूंनी. घाबरून रिसेप्शनला फोन केला. पलीकडून हसू. पाल होती. बार्किंग गेको. ही बिळाच्या तोंडाशी बसून संध्याकाळी ओरडते. मनात पाल चुकचुकली असं आपण म्हणतो, इथे अख्खं वाळवंट चुकचुकत होतं. थोड्या वेळाने तेही थांबलं आणि मी टक्क जागी. पहिली रात्र जागून काढली. दुसरीसुद्धा.

जागरणाचा एक फायदा झाला. हा भाग २०१२ साली 'डार्क स्काय रिझर्व्ह' म्हणून जाहीर झाला, आफ्रिकेतला पहिला. म्हणजे इथला अंधार जपला जातो, दिवे झाकलेले आणि जमिनीकडे वळवलेले असतात. पलंगावर पडून वर बघितलं तर मृग नक्षत्र उलटं! लहानपणी गच्चीवर आजोबांनी दाखवलेलं हरिण, पोटात तीन ताऱ्यांचा बाण, मागे व्याध. इथे ते पाठीवर पडून चारी पाय वर करून होतं. विषुववृत्त ओलांडलं की असं होतं, हे शाळेत बहुतेक शिकवलं असणार. आपल्याकडे खाली दक्षिणेला रेंगाळणारा अगस्ती इथे चक्क उंचावर. आणि मध्यरात्रीकडे आग्नेयेला वर चढणारा त्रिशंकू. आपल्याकडे तो एप्रिल-मेमध्ये क्षितिजालगत कसाबसा दिसतो. स्वर्गात जागा नाही, पृथ्वीवर परतायची सोय नाही, मध्येच लटकलेला. डाउन पेमेंट मोडून आलेल्या मुलीला त्याच्याबद्दल आपुलकी वाटणारच.

आता पाण्याचं. इथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस, तोही आला तर. मुंबईत जुलैतला एखादा दिवस एवढा पाडून मोकळा होतो. मग ओट्यावरचा तो टँक कशाने भरतात? बोअरवेल. बाथरूममध्ये विनंतीची पाटी होती : गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी बादलीत धरा. बादली बघून मला इतका आनंद झाला! मी सरळ मग मागितला आणि तीन दिवस बादलीभर पाण्यात अंघोळ केली. हाउसकीपिंगच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, शॉवर बिघडलाय का? टँकात मात्र मी पाय सोडून बसले, दोनदा. संकोच झाला, पण ऊन ३८ डिग्री होतं. या देशाला पाण्याची किंमत कळते हे खरं. विंडहोकमध्ये सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळतात, आणि हे १९६८पासून चालू आहे, जगात सगळ्यात आधी.

पाण्याशिवाय जगायची खरी अक्कल प्राण्यांकडे. ओरिक्स म्हणजे लांब सरळ शिंगांचं, चेहऱ्यावर काळे-पांढरे पट्टे असलेलं मोठं हरिण. भर उन्हात तो अंग तापू देतो, घाम गाळून पाणी घालवत नाही. नाकातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळीतून मेंदूकडे जाणारं रक्त तेवढं थंड करून घेतो. बाकी ऑफिस तापलं तरी चालेल, सर्व्हर रूमचा एसी चालू पाहिजे, तसं. आणि गवतात ते गोल! टेकडीवरून बघितलं तर गवताळ जमिनीवर हजारो टकली वर्तुळं, काही मीटर रुंद, आत गवताची काडी नाही. 'फेअरी सर्कल' म्हणतात. काही शास्त्रज्ञ म्हणतात वाळवीचं काम, काही म्हणतात गवतानेच पाण्याच्या ओढाताणीत आपापसात सोडलेली जागा. वाद मिटलेला नाही. मला दुसरं पटलं. गवतालासुद्धा कार्पेट एरिया लागतो.

हे सगळं दाखवणारा गाईड तिशीतला, नामा समाजाचा. त्याच्या भाषेत जिभेने टाळूवर वाजवायचे चार वेगवेगळे 'टॉक' आहेत, आणि ती अक्षरं आहेत. मी प्रयत्न केला, तो पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका वाळूच्या टेकडीवर त्याने टेबल मांडलं, जिन-टॉनिक ओतलं. सूर्य मावळत होता. मी अगदी ब्रोशरछाप वाक्य टाकलं, "किती मोकळं आहे इथे. कधी कुणी नव्हतंच जणू."

त्याने बर्फ टाकायचं थांबवलं. म्हणाला, "होते ना. माझे लोक होते."

मग तो सांगत गेला. १८८४ साली जर्मनांनी हा देश आपली वसाहत केला. १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा लोकांनी उठाव केला, तेव्हा हजारोंना मारलं, वाळवंटात हाकललं, छावण्यांमध्ये उपाशी मरू दिलं. जर्मनीने त्याला वंशसंहार म्हणून मान्यता दिली ती २०२१मध्ये. जमिनी गोऱ्यांच्या हाती गेल्या, त्यांवर मेंढ्यांचे फार्म झाले. काराकुल जातीच्या मेंढ्या. नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या कातडीचे युरोपात कोट व्हायचे. गाईडचे आजोबा अशाच एका फार्मवर कुंपणाचे खांब ठोकायचे. तारांच्या कुंपणांनी वाळवंटाचे तुकडे पडले. पाऊस पडेल तिकडे चालत जाणारे ओरिक्स आणि झेब्रे तारांना अडकले. पुढे दुष्काळ आला, फरचा बाजार बसला, फार्म बुडाले. १९८४पासून एकेक बुडीत फार्म विकत घेऊन जोडत गेले, कुंपणं उपटली, त्यातून हे दोन हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य उभं राहिलं. पाहुण्यांच्या बिलातला एक भाग जमिनीच्या देखभालीला जातो.

"म्हणजे आजोबांनी ठोकलेले खांब..." मी म्हटलं.

"काही मी स्वतः काढलेत," तो म्हणाला. "पगारी काम होतं. त्यांचंही, माझंही."

मला ग्लास हातात धरवेना. मी ज्या रिकामेपणासाठी एफडी मोडली, तो आपोआप आलेला नव्हता. आधी माणसं हटवली, मग मेंढ्या आल्या, मग मेंढ्या गेल्या आणि आता दर हजार हेक्टरला माझ्यासारखं एक गिऱ्हाईक. त्याला विचारलं, राग नाही येत? तो म्हणाला, येतो, पण कुंपण असलेल्या वाळवंटापेक्षा हे बरं. जमीन परत कुणाच्या नावावर व्हायला हवी यावर तिकडे राजकारण पेटलेलं असतं, १९९०च्या स्वातंत्र्यापासून. आणि तो मात्र सलग काही आठवडे राबून मग घरी जातो, गावात त्याची सहा वर्षांची मुलगी आहे. तिने अजून ही टेकडी पाहिलेली नाही. इथल्या एका रात्रीचा दर त्याच्या पगारापेक्षा जास्त आहे. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

म्हणून मी येऊ नये होतं का? मला तसं वाटत नाही. पाहुणे थांबले तर पगार थांबतो, आणि कुंपणं परत यायला वेळ लागत नाही. कोरोनाच्या २०२०मध्ये पाहुण्यांविना लॉज बंद पडले तेव्हाची गोष्ट त्याने दोनच वाक्यांत उरकली : शेळ्या विकल्या, परत घेता आल्या नाहीत. पण 'जिथे कुणीच पोचलेलं नाही' असलं वाक्य मी आता कुठल्याही ब्रोशरमध्ये लिहीत नाही. एका क्लायंटने त्यावरून काम काढून घेतलं. घेऊ दे.

तिसऱ्या दिवशी पहाटे सोसुसव्लेई. उंच लाल टेकड्या, आणि त्यांच्यामध्ये डेडव्लेईचं पांढरं, भेगाळलेलं तळं. तळ्यात काळी झाडं उभी आहेत, सहाशे-सातशे वर्षांपूर्वी मेलेली. वाळूने नदीची वाट अडवली आणि झाडं जागच्या जागी वाळली. हवा इतकी कोरडी की ती कुजतसुद्धा नाहीत. फोटो तुम्ही पाहिले असतील, वॉलपेपरवर असतात. प्रत्यक्षात तिथे फोटो काढणाऱ्यांची रांग असते. तीन दिवसांत पहिल्यांदा गर्दी बघितली आणि चक्क बरं वाटलं.

परतीच्या दिवशी रिसेप्शनवर अवघडत विचारलं, गाडीत आणखी कुणी आलं तर चालेल का? चार जणांची सुट्टी त्याच दिवशी सुरू होत होती. त्यात गाईडही होता, मांडीवर मुलीसाठी घेतलेली गुलाबी प्लॅस्टिकची सॅक. शेफ, हाउसकीपिंगच्या बाई, एक माळी, त्यांच्या पिशव्या, एक बांधलेली गादी आणि मी. बाईंचं कोपर माझ्या बरगडीत, माझी बॅग माळीबुवांच्या पायावर, पुढे रेडिओवर कुठलंतरी जोरदार गाणं आणि चौघांची एकमेकांच्या आवाजावर आवाज चढवत टॉक-टॉक चालू. खडी खडखडत होती. डोकं बाईंच्या खांद्यावर कधी गेलं कळलंच नाही. तीन रात्रींनंतर मला झोप लागली, ती थेट सॉलिटेअरला गाईडने ॲपल पाय हातात ठेवला तेव्हाच उतरली.