पालकाच्या विनंतीवरून

मागच्या रविवारी ओहायोहून भाच्याचा फोन आला. नेहमीचा "मावशी, गुडघे काय म्हणतात" वाला फोन नव्हता. त्याच्या मुलाला, म्हणजे माझ्या नातवालाच, शाळेने तीन दिवस सस्पेंड केलं होतं. पोरगा सातवीत. मधल्या सुट्टीत कुणाला तरी ढकललं, त्याचा चष्मा फुटला. भाचा कासावीस, सूनबाई रडवेली. मी मात्र हसले. आमच्या शाळेत ढकलाढकलीसाठी घरी बसवायचं ठरवलं असतं तर वर्गात फक्त फळा उरला असता!

मग त्याने शाळेचं पत्र वाचून दाखवलं आणि माझं हसू ओसरलं. कोणता नियम मोडला, किती दिवस यायचं नाही, त्या दिवसांचा अभ्यास कसा मिळेल, परत आल्यावर कुणाला भेटायचं, सगळं लिहिलेलं. आणि मुलाचं म्हणणं काय, त्याचीही नोंद.

भाचा म्हणाला, इथे ते करावंच लागतं. त्यामागे एक जुना खटला आहे, तोही ओहायोचाच. १९७१ मध्ये कोलंबस शहरातल्या शाळांनी बऱ्याच मुलांना दहा दिवसांपर्यंत घरी बसवलं, काही न विचारता. त्यातला लोपेझ म्हणायचा, जेवणाच्या हॉलमध्ये गोंधळ झाला खरा, पण मी नुसता तिथे होतो. नऊ जणांचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९७५ मध्ये निकाल लागला, तोही पाच विरुद्ध चार असा काठावर. दहा दिवसांच्या आतली शिक्षा असली तरी मुलाला आरोप सांगा आणि त्याची बाजू ऐका. बस, एवढंच. वकील नको, साक्षीपुरावे नकोत.

१९७५ मध्ये मी अकोल्याच्या एका शाळेत नुकती लागले होते. अमरावतीहून विदर्भ महाविद्यालयातून बी.ए. करून आलेली, हातात पट्टी आणि डोक्यात शिस्त.

आपल्याकडे विद्यार्थ्याला 'निलंबित' कुणी म्हणत नाही. निलंबन तलाठ्याचं, हवालदाराचं, नाहीतर मास्तरचं. मुलाला सांगायचं, "वडिलांना घेऊन ये, तोवर वर्गात बसायचं नाही." किंवा थेट, "दाखला हातात देऊ का?" मास्तरच्या निलंबनाला १९८१ ची नियमावली आहे. आरोपपत्र मिळतं, उत्तराला मुदत मिळते, निर्वाह भत्ता मिळतो. चौकशीला तीन जणांची समिती बसते आणि त्यात एक माणूस मास्तरने स्वतः निवडलेला असतो. आम्ही या नियमांसाठी भांडलेलो, ते पाठ होते आम्हाला. चौदा वर्षांच्या मुलासाठी यातलं अर्धंही असावं, हे स्टाफरूममध्ये कधी कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

१९८४ ची दिवाळी संपलेली. मी नववीची वर्गशिक्षिका. पातूरच्या बाजूच्या एका खेड्यातून येणारा एक मुलगा सुट्टी संपल्यावर आठ दिवस उशिरा उगवला. वह्या कोऱ्या. आमच्याकडे त्या दिवसांत हे नवीन नव्हतं, कापसाची वेचणी आणि ज्वारीची सवंगणी एकदम येते, पोरं शेतात असतात. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलेलं होतं. का, ते आता आठवतही नाही. मी म्हटलं, हात पुढे कर. त्याने डावा केला. मी म्हटलं, उजवा. तो हलेना. मी त्याचा उजवा हात ओढला आणि पट्टी उगारली, तर त्याने दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं. दोन सेकंद असेल. मग सोडलं. वर्ग चिडीचूप.

मी तडक मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, लेखी द्या. मी उभ्या उभ्या लिहिलं: अमुक विद्यार्थ्याने भर वर्गात माझा हात धरला. खाली सही.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त माझ्या त्या हातात पट्टी होती, हे मी लिहिलं नाही. आणि बाईचा हात धरला, याचा आपल्या भाषेत अर्थ काय होतो, हे मराठी शिकवणाऱ्या मला कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. संध्याकाळपर्यंत ते वाक्य संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत गेलं, आणि दुसऱ्या दिवशी पानठेल्यापर्यंत. मुलाला कुणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काय आहे, असंच वातावरण होतं.

त्याच्या उजव्या तळव्यावर विळ्याचा घाव होता. चिंधी सुटून पडली होती, तीही वर्गातच सापडली, मागच्या बाकाखाली. हे मला दोन दिवसांनी एका मुलीने सांगितलं. मी काय केलं? काही नाही. कागद गेलेला होता.

तिसऱ्या दिवशी त्याचा बाप आला. ऑफिसच्या दाराबाहेर चपला काढून उभा. मला पाहून म्हणाला, "बाई, झोडा त्याले, हाडं मोडा, पन शायेतून काहाडू नोका." मी म्हटलं, आता माझ्या हातात नाही. हे वाक्यही खरंच होतं म्हणा!

त्याला नवीन शाळा मिळाली की नाही, मला ठाऊक नाही. शिकायची तेव्हा आम्हाला प्राध्यापक अभिमानाने सांगायचे, १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हटलं म्हणून हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने शेकडो विद्यार्थ्यांना काढलं, तेव्हा आपल्या नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. (अमरावतीला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९८३ मध्ये, त्यामुळे तेव्हा नागपूर आपलंच.) तिथे दुसरं दार उघडणारा कुलगुरू होता. आणि त्या मुलांवरचा ठपका मिरवण्यासारखा होता. 'बाईचा हात धरला' हा ठपका घेऊन कुठल्या दारात उभं राहायचं?

माझ्या निवृत्तीच्या वर्षी, १ एप्रिल २०१० ला, शिक्षणहक्क कायदा लागू झाला. कलम सोळा: आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करायची वाट मोकळी केली, पण काढण्याची बंदी तशीच ठेवली. त्या कायद्याची माहिती देणारी बैठक झाली. ती संपल्यावर मी ऑफिसात जाऊन जुनं जनरल रजिस्टर काढलं. कारकुनाला सांगितलं, एका डुप्लिकेट दाखल्याचं काम आहे.

नोंद सापडली. वर्तणूक: चांगली. शाळा सोडल्याचं कारण: पालकाच्या विनंतीवरून.

म्हणजे त्याला आम्ही काढलंच नव्हतं! बापाकडून अर्जावर अंगठा घेतला होता. तेव्हा याला दया समजत, लाल शाईचा शेरा नको, पोराचं भविष्य खराब होईल. आज वाटतं, त्यात शाळेचीच सोय जास्त होती. काढल्याचा कागदच नाही, तर दाद कशाविरुद्ध मागणार? म्हणून नव्या कायद्याचं कौतुक करताना माझा हात जरा आखडतो. एक तर नववी-दहावी त्याच्या बाहेर, आणि दाखल्याची धमकी चालते ती तिथेच. त्यातून निकाल शंभर टक्के हवा असला की "याला बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरू द्या" असं पालकांना गोड शब्दांत सांगतात, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. तिथेही अर्ज पालकांचाच असतो.

एवढं सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं नाही. नातू मागे उभा होता. त्याने फोन घेतला आणि विचारलं, "आजी, तू कधी कुणाला सस्पेंड केलं होतं?" त्याचं मराठी असं तुटक, पण प्रश्न सरळ. मी म्हटलं, हो, एकाला. "त्याने काय केलं?" मी म्हटलं, लिहून पाठवते.

त्याला देवनागरी वाचता येत नाही. बाळा, तू हे त्याला वाचून दाखव. पट्टीचा भाग गाळू नकोस.