मेसॉन आणि मामा

“मामा, मी काय करतो ते तुम्ही कधी विचारलंच नाही!”

विठ्ठलवाडी स्टेशनच्या पुलावर भाचा असे म्हणाला आणि मी चोर सापडावा तसा उभा राहिलो. खरेच विचारले नव्हते. उत्तर समजणार नाही ही धास्ती! मी मॅट्रिक; मुलांना मराठी शिकवावे, कादंबऱ्या लिहाव्यात, इतकीच माझी धाव.

तो मेसॉन नावाच्या कणांचे गणित मांडतो. त्यातला पायॉन जपानच्या युकावांनी 1935 साली कागदावर हेरला. सापडला 1947 साली. सेकंदाचे चार कोटी तुकडे केले, तर विद्युतभारित पायॉनचे सरासरी आयुष्य जेमतेम एका तुकड्याएवढे!

“मग असे दोन एकमेकांवर आपटवणार कसे?”

“म्हणून तर गणित!” त्याने गर्दीकडे बोट दाखविले. दोघे एकमेकांजवळून गेले, की कोण किती वळला त्यावरून ओढ होती की अढी, ते ताडायचे. वेग अगदी कमी असला की बारकावे पुसट होतात आणि बहुतेक हकीकत एका लांबीत मावते. वाइनबर्ग यांनी 1966 साली ती गणिताने काढली. पुढे प्रयोगांत तिच्या बरीच जवळची निघाली.

आणि नाव? मूळ ‘मेसोट्रॉन’मधला ‘ट्र’ ग्रीक व्युत्पत्तीला धरून नाही, म्हणून 1939 साली आपल्या मुंबईच्या भाभांनी ‘मेसॉन’ सुचविले. म्हणजे शुद्धलेखन तपासणाऱ्यालाही या शास्त्रात जागा आहे तर!

लोकल आली, तो गेला. ताई शेवटपर्यंत शेजारणींना सांगायची, “मुलगा काहीतरी मोठं शिकतोय.” ते ‘काहीतरी’ काय, हे तिने मलाही दोनदा विचारले होते.