गणिताच्या वहीतली वाक्यं

गणिताच्या वहीत आकडे असावेत, वाक्यं भाषेच्या वहीत असावीत, अशी आपली समजूत असते. उत्तराखाली दोन रेघा मारल्या, लाल पेनाची बरोबरची खूण आली की विषय संपला. पण उत्तर बरोबर आलं म्हणजे गणित समजलंच असं नाही. राळेगावात घरच्या मुलांना शिकवताना हे मी रोज पाहतो.

माझ्या मोठ्या भावाची मुलगी सातवीत आहे. शाळा मराठी, घरची बोली हिंदी-उर्दू मिसळलेली. तिच्याबद्दल घरात निकाल लागून गेला होता, "हिला गणित येत नाही, दहावीपर्यंत कशीबशी जाईल." आपल्या वस्त्यांमध्ये हे वाक्य फार महागात पडतं. मुलाला गणित आलं नाही तर शिकवणी लावतात. मुलीला आलं नाही तर स्थळं बघायला लागतात.

म्हणून मी तिला, तिच्या नववीतल्या भावाला आणि पाचवीतल्या बहिणीला एकेक साधी वही दिली. रोज एक गणित सोडवायचं आणि ते कसं सोडवलं, कुठं अडलं, ते चार ओळींत लिहायचं. भाषा कुठलीही चालेल. मग एकमेकांच्या वह्या वाचून खाली काहीतरी लिहायचं.

तिसऱ्या दिवशी पुतणीने लिहिलं, "अर्धा गुणिले अर्धा, उत्तर पाव. बरोबर आहे. पण चाचा, गुणल्यावर तर वाढतं ना? मग हे कमी कसं झालं?" परीक्षेत तिला या गणिताचे पूर्ण गुण मिळाले असते आणि हा प्रश्न कुणाला कळलाही नसता. खाली धाकटीने लिहिलं, "अर्ध्या भाकरीची अर्धी दिली तर पावच मिळेल." त्यानंतर पुतणी अपूर्णांकांत 'गुणिले'च्या जागी 'चा' वाचू लागली, अर्ध्याचा अर्धा. पावकी, निमकी, दिडकी पाठ असलेल्या आपल्या आजोबांना हे वेगळं शिकवावं लागलं नसतं.

नववीतल्याने कापूस घेतला. भाव क्विंटलला ७००० रुपये, आधी १० टक्के उतरला, मग १० टक्के चढला. आधी त्याने लिहिलं, "जिथला तिथं आला." मग हिशेब मांडला तर ६३०० आणि नंतर ६९३०. सत्तर रुपये गेले कुठे? त्याचं वाक्य असं, "उतरताना टक्के सात हजारावर धरले, चढताना सहा हजार तीनशेवर." हे त्याच्या अब्बांनी दोनदा वाचलं. ते दरवर्षी कापूस विकतात.

गणित शब्दांत लिहिणं हे काही नवं खूळ नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने ज्या ग्रंथातून बीजगणिताला 'अल्जेब्रा' हे नाव मिळालं, त्यात आजच्यासारखी एकही खूण नाही. समीकरणंसुद्धा वाक्यांत आहेत आणि बराच भाग वारसाहक्काच्या वाटण्यांचा आहे. भास्कराचार्यांची ११५० सालची 'लीलावती' श्लोकांत आहे. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये ती फारसीत आणली. शब्दांत होती म्हणूनच ती एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेली.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर थट्टा झाली. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की बोलताना एकक आधी आणि लिहिताना दशक आधी, यात लहान मुलं गोंधळतात. पटो न पटो, तो मुद्दा मुलांच्या अडचणीचा होता. चर्चा मात्र मोठ्यांच्या अभिमानाचीच झाली. मुलांना आपली अडचण लिहायची सवय असती, तर त्यांचंही म्हणणं समोर आलं असतं.

साठ मुलांच्या वर्गात रोज वह्या वाचणं शिक्षकांना जमणार नाही, हे मान्य. आठवड्यातून एकदा, चारच ओळी, आणि मुलांनीच एकमेकांच्या वाचायच्या, एवढं जमू शकतं. घरी तर आणखी सोपं आहे. आई-वडिलांना गणित येत नसलं तरी "हे काय लिहिलंस, समजावून सांग" एवढं विचारता येतं.

पुतणीचे गुण एकदम वाढलेले नाहीत. पण परवा तिने वहीत 'येत नाही' असं न लिहिता 'तिसऱ्या पायरीला अडलं' असं लिहिलं. अडलेली पायरी दिसली की तिच्यावर काम करता येतं. भावालाही मी एवढंच सांगितलंय की दहावीनंतरचं नंतर बघू, आधी ही वही वाचत राहा.