सोळा अंशांतली केळी

केळं ही खायची वस्तू आहे, असं लहानपणी मला कधी वाटलंच नाही. आमच्या घरात केळी म्हणजे भाव. संध्याकाळी अण्णा फोन लावायचे आणि पहिलाच प्रश्न असायचा, “बुऱ्हाणपूरचा काय निघाला? अन् रावेरचा?” मध्ये राज्याची हद्द आहे, पण आमच्या शाहपूर पट्ट्यात कान दोन्हीकडे लागलेले असतात. त्या आकड्यावर माझी फी ठरायची, आईची साडी ठरायची. खायला घरात यायची ती डागाळलेली, घडातून सुटलेली केळी. पाहुणे आले तर मात्र शहरातून माव्याची जिलेबी.

मृगबाग जून-जुलैत लागते, कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मे-जूनच्या वादळात निसवलेली बाग एका रात्रीत आडवी झाली की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मुनवे, म्हणजे लागवडीसाठी घेतले जाणारे केळीच्या बुडाशी फुटलेले कोंब, निवडायला अण्णा मला बरोबर घ्यायचे. रुंद पानांचा नको. तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पानं हवीत, कंद नारळासारखा उभट हवा. पुढे पुस्तकात वाचलं की मुनव्याचं वजन ४५० ते ७५० ग्रॅम असावं. अण्णांचा हात तेवढंच उचलायचा, काट्याशिवाय.

घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि खंडव्याच्या कृषी महाविद्यालयात पुस्तकं इंग्रजी. एकेक पायरी चढताना बाग एकेक भाषा मागे पडत गेली. परीक्षेत वजन लिहायचं असे, हात लिहायचा नसे. हात म्हणजे अडाणीपणा, हे कुणी शिकवलं नाही. ते आपोआप अंगात मुरलं.

आणि मग केळी शिकायला मी गेले ती जिथे आमच्या केळीचं एक झाड उघड्यावर तग धरणार नाही अशा गावी. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या विद्यापीठात १९८५पासून केळीचा जगातला सर्वांत मोठा संग्रह आहे. दीड हजारांहून अधिक नमुने, बहुतेक काचनळ्यांत. वाढ मंद राहावी म्हणून खोलीचं तापमान सोळा अंशांच्या आसपास, उजेड बेताचा. बोटाएवढी हिरवी रोपं, प्रत्येक नळीवर क्रमांक. न्यू गिनीकडच्या रानकेळी काळ्या टणक बियांनी भरलेल्या असतात, हे मला तिथे कळलं. जन्मभर केळीत राहून मी केळीचं बी पाहिलं नव्हतं.

पहिला हिवाळा मला फार जड गेला. दुपारी साडेचार-पाचलाच अंधार, रस्त्यावर डच, वर्गात भराभर इंग्रजी, डोक्यावर शिक्षणकर्ज. तेरा अंशांच्या खाली केळ्याची साल काळवंडते, म्हणून बोटीत त्याला तेवढी ऊब द्यावी लागते. अँटवर्पच्या बंदरात ती केळी उतरताना मला त्यांचा हेवा वाटे. दुकानात इक्वाडोरची केळी दिसली की मी सवयीनं किलोचा भाव क्विंटलवर नेऊन रुपयांत करायची आणि अण्णांना कळवायची. अण्णा थोडा वेळ गप्प राहायचे. मग म्हणायचे, “पोरी, मधले पैसे कोण खातं?”

एकदा चर्चासत्रात लागवडीच्या साहित्यातून रोग कसे पसरतात यावर बोलणं चाललं होतं. शेतकरी मुनवा कसा निवडतात, असा प्रश्न निघाला. मी मान खाली घातली. हे ज्ञान आहे असं मला वाटतच नव्हतं. प्राध्यापिका थांबून राहिल्या, तेव्हा तुटक इंग्रजीत पानं, कंद, हाताचा अंदाज असं सांगू लागले. पुढचा अर्धा तास प्रश्न येत राहिले: नाकारलेले मुनवे कुठे टाकता? एकाच पहारीनं किती बागा खणता? शेवटच्या प्रश्नावर मी अडले. शाबासकीपेक्षा ते अडणं माझ्या कामी आलं. हातालाही प्रश्न विचारता येतो, हे तोवर मला माहीत नव्हतं.

गावी लोक म्हणतात, पोर परदेशी गेली म्हणजे मुनवा दुसऱ्या वाफ्यात लावला. मला ते पटत नाही. मुनवा कुठेही लावा, तो हुबेहूब आईच होतो. केळीचं बळ तेच आणि धोकाही तोच. ग्रो मिशेल नावाचं वाण एके काळी निर्यातीवर राज्य करत होतं. मातीतल्या बुरशीनं होणाऱ्या पनामा मर रोगानं १९६०च्या आसपास ते बाजारातून उठलं. जागी कॅव्हेंडिश आलं. आमची बसराई, श्रीमंती आणि आजची जी-नाईन ही सगळी त्याच कॅव्हेंडिशची भावंडं. आता त्याच रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि तो भारतातही येऊन पोचला आहे.

परतल्यावर हे मी अण्णांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “दुसरं वाण लावतो. घेईल कोण?” लूव्हेनच्या साऱ्या काचनळ्यांत याचं उत्तर नव्हतं.

आमच्या बुऱ्हाणपूर शहराला बाहेरची विद्या नवी नाही. १६१५च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात इराणी पद्धतीनं कुंडी भंडारा खोदला गेला: विहिरींची रांग, खालून जोडणारा बोगदा, आणि केवळ उतारावर वाहत शहरात येणारं पाणी. तंत्र इराणचं, पण पाणी सातपुड्यात मुरलेलं. इथला उतार मापल्याशिवाय त्या तंत्रानं थेंबभरही पाणी दिलं नसतं.

माझं काम अजून उतार मापण्याचंच आहे. रोपं आणताना रोगमुक्तीचा दाखला मागायचा, एका बागेतून दुसरीत जाताना पहार आणि बूट धुवायचे, एवढं अण्णांनी मान्य केलंय. एका कडेला वेगळं वाण लावण्यावर आमचं भांडण चालू आहे. भांडणात ते बाजार सांगतात, मी बुरशी सांगते, आणि दोघंही खरं बोलत असतो. पूर्वी अशा वेळी मी गप्प बसले असते किंवा पदवी पुढे केली असती. आता विचारते, “अण्णा, व्यापाऱ्यानं घ्यायचं ठरवलं तर किती झाडं लावाल?” मधले पैसे कोण खातं, याचाही हिशेब मी मांडायला घेतलाय. माझ्या शिक्षणातला सर्वांत अवघड प्रश्न परदेशात मला कुणी विचारलाच नव्हता. तो शाहपूरहून फोनवर आला होता. तो अभ्यासाचा प्रश्न आहे, हे ओळखायला मात्र मला तिकडे जावं लागलं.