परसांतील केळ

माहेरीं रावेरास केळीच्या बागा. म्हणून सासरीं धुळ्यास येतांना मीं एक कंद आणून परसांत लावला. श्रावणांत नैवेद्याला पान घरचेंच, याचें सासूबाईंना मोठें कौतुक. शेजारच्या काकूंनाही त्यांतलें एक पील मीं हौसेनें दिलें होतें.

गेल्या आषाढांत पानांवर पिवळे पट्टे दिसले. मला वाटलें, करपा. करपा ही बुरशी. ती खालच्या जुन्या पानांवर आधीं ठिपके पाडते, आणि तेवढीं पानें काढून जाळलीं कीं बहुधा निभावतें. मीं तसें केलें. पण नवा पोंगाही पट्टेरीच उलगडला!

धाकटा भाऊ पाहून म्हणाला, "ताई, हा हरण्या. विषाणूचा रोग, मावा तो पसरवतो. मांडवावरच्या काकडीलाही तो होतो. याला औषध नाहीं. कंदासकट उपटून जाळायला हवी."

"लेंकुरवाळी केळ ती!" एवढेंच सासूबाई म्हणाल्या, पण कुदळ त्यांनींच आणून दिली.

माझें मन मात्र स्वस्थ होईना. पिलाबरोबर रोग काकूंकडे गेला असणार, हें सांगावें कसें? लाजेनें आठ दिवस गप्प राहिलें. अखेर गेलें, तों त्यांच्या केळीवर तेच पट्टे.

"आधीं सांगितलें असतेंस तर!" काकू म्हणाल्या. "परवांच यांतलें पील लेकीकडे पारोळ्याला पाठवलें ग."

त्याच रात्रीं पारोळ्याला मीं स्वतः फोन केला. आतां जळगांवाहून ऊतिसंवर्धित रोपें आणलीं आहेत. पहिलें काकूंच्या परसांत लावलें.