लुक्ल्याचा मुक्काम

२५ मे, लुक्ला
नामचेहून सकाळी निघालो ते अंधार पडता पडता इथे पोचलो. शेवटची चढण फार जड गेली. पण एव्हरेस्ट बेसकॅम्पच्या ५,३६४ मीटरवरून सगळे धडधाकट खाली आले, हे मोठं समाधान. पिंपळगावचे अण्णा, लासलगावच्या शाळेतल्या ताई, त्यांचा कॉलेजातला भाचा आणि निफाडहून मी. आम्हा द्राक्षवाल्यांना ऑक्टोबर छाटणीत गाव सोडता येत नाही, म्हणून एप्रिलात खरड छाटणी उरकली, सबकेनचं काम भावावर सोपवलं आणि मे महिना धरला. उद्या सकाळचं विमान आहे.

२६ मे
धुकं. पहाटेच सामान बांधून विमानतळावर जाऊन बसलो. विमान यायचं झालं की इथे भोंगा वाजतो. आज तो वाजलाच नाही. दुपारी बाराला काउंटर बंद झाला, मग सॅक उचलून परत लॉजवर.

ही धावपट्टी नीट पाहिली की खोळंबा का होतो ते कळतं. लांबी जेमतेम ५२७ मीटर, चढ जवळजवळ १२ टक्क्यांचा. वरच्या टोकाला डोंगर, खालच्या टोकाला दूधकोशीची खोल दरी. उतरायचं चढाच्या बाजूनं, उडायचं उताराच्या बाजूनं. एकदा खाली आलेल्या विमानाला पुन्हा वर उचलून फेरी मारायला जागाच नाही. उपकरणांच्या भरवशावर इथे उतरता येत नाही, पायलटला पट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. ऊन चढलं की दरीतून ढग वर येतात, म्हणून बहुतेक विमानं सकाळीच येतात-जातात.

लॉजची मालकीण, सगळे तिला दिदी म्हणतात, सांगत होती की १९६४ साली हिलरींनी ही जागा करून घेतली, तेव्हा भुसभुशीत माती दबावी म्हणून गावातले शेर्पा हातात हात घालून तिच्यावर नाचले होते. तिनं हे इतक्या अभिमानानं सांगितलं की ऐकताना बरं वाटलं.

२७ मे
पुन्हा धुकं, वर रिमझिम.

घरी फोन लागला. निफाडलाही आभाळ भरून आलंय म्हणे. काडीत घड तयार व्हायचे हेच दिवस, त्यांना ऊन लागतं. आत्ता ढग राहिले तर पुढच्या हंगामात वेलीवर घड कमी दिसतात. भाऊ म्हणाला, "तू तिकडे बसून काय करणार? आम्ही बघतो." जीव तिकडेच लागून राहिला.

लॉजच्या जेवणघरात शेकोटीभोवती सगळे अडकलेले जमले. कोलकात्याचं एक निवृत्त जोडपं, दोन चेक मुली, मलेशियाची चार पोरं. ताईंनी पत्ते काढले आणि मेंढीकोट शिकवायला घेतला. दहाच्या चार पानांना मेंढ्या म्हणायचं आणि त्या पकडायच्या, एवढं चेक मुलींना लगेच समजलं. हुकूम मात्र समजेना. मग ताईंनी बदामाचं एक पान उताणं टाकलं, त्यावर किलवरचा एक्का ठेवला, त्यावर इस्पिकची दुर्री आपटली आणि ती तिन्ही पानं स्वतःकडे ओढली. त्यानंतर समजावावं लागलं नाही. संध्याकाळी त्याच मुलींनी अण्णांवर कोट चढवला. अण्णा उठून त्यांच्याशी हात मिळवून आले.

रात्री ताईंनी भाच्याला सांगितलं की १९५३ साली याच तारखेला हिलरी आणि तेनसिंग साउथ कोलवर वाऱ्यानं अडकून तंबूत पडून होते. आदल्या दिवशी बॉर्डिलन आणि इव्हान्स दक्षिण शिखरापर्यंत जाऊन माघारी फिरले होते. पोरगं बराच वेळ गप्प होतं.

२८ मे
नऊच्या सुमारास ढग फाटले, भोंगा वाजला, दोन विमानं उतरली. यादीत आमची नावं वर होती. कोलकात्याच्या काकूंच्या लेकीचे दिवस भरत आलेले, दोन रात्री त्या झोपल्या नव्हत्या. अण्णा आणि मी आमच्या जागा त्यांना दिल्या, ताई आणि भाचाही मग आमच्याबरोबर मागे राहिले. मलेशियाच्या पोरांनी काका-काकूंच्या पिशव्या वजनकाट्यापर्यंत उचलून नेल्या.

दहानंतर पुन्हा सगळं बंद. एक प्रवासी काउंटरवरच्या मुलावर खूप ओरडला. मला ते अजिबात आवडलं नाही. ८ ऑक्टोबर २००८ला याच पट्टीच्या तोंडाशी धुक्यात विमान कोसळून १८ माणसं गेली. नाही म्हणणारा पायलट आपला जीव वाचवत असतो.

आमचा गाईड दाजू ठरलेले दिवस संपूनही आमच्याबरोबर थांबलाय. रोज पहाटे आमच्याआधी काउंटरवर जाऊन उभा राहतो. अण्णांनी त्या दिवसांची मजुरी आज त्याच्या हातात ठेवली. तो घेत नव्हता, दिदीनं दटावल्यावर घेतली.

२९ मे, मंथली
स्वच्छ उजाडलं. पहिल्याच विमानात जागा मिळाली आणि वीसेक मिनिटांत रामेछापच्या मंथलीला उतरलो. इथे उकाडा आहे, अंगावरचे थर काढून सॅकमध्ये कोंबले. काठमांडूची गाडी यायला वेळ आहे, तेवढ्यात हे लिहितोय. चेक मुली मागच्या विमानानं आल्या. पत्त्यांचा जोड ताईंनी त्यांना देऊन टाकला. कोलकात्याच्या काकूंचा फोन आला होता, त्या वेळेत घरी पोचल्या. निफाडला ऊन पडलंय.

आपल्या तालुक्यातून पुढे कुणी या वाटेला निघणार असेल, तर त्यांनी काठमांडूहून परतीच्या तिकिटाआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत. त्या दिवसांची गाईड आणि पोर्टरची मजुरी आधीच बाजूला काढावी. आणि विमान नाही म्हटल्यावर काउंटरवरच्या पोराशी भांडू नये.