वाफेची वाट

घरात काय आले याची नोंद आपण सगळे ठेवतो. घरातून काय गेले याची सहसा कोणी ठेवीत नाही. दिवाळीच्या दिवसांत तर नाहीच. माझा पुतण्या मात्र तैवानमधल्या सिंचू शहरी बसून नेमका हाच हिशेब करतो. संगणकाच्या चिप जिथे घडतात त्या कारखान्यांतली दूषित हवा बाहेर नेणाऱ्या डक्टची तो आखणी करतो.

मी चित्रकलेचा मास्तर आणि फावल्या वेळचा कादंबरीकार. विज्ञान माझ्यापुरते दहावीतच संपले. तरी गेल्या दिवाळीत त्याने नकाशे पसरले, तेव्हा रेषा वाचण्याची सवय उपयोगी पडली.

त्या खोल्यांचे सोवळे आमच्या आजीलाही पेलले नसते. गाळलेल्या हवेचा संथ लोट अखंड वाहता ठेवून धूळ काढून टाकायची, ही युक्ती अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या विलिस व्हिटफील्ड यांची. १९६२ साली ती जगापुढे आली. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. ‘वर्ग १००’ म्हणतात त्या खोलीत, एका घनफूट हवेत, अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण १०० पेक्षा अधिक चालत नाहीत!

आणि अशा सोवळ्यात वापरायचे काय, तर हायड्रोफ्लोरिक आम्ल, अमोनिया, आणि हवा लागताच आपोआप पेटणारा सिलेन वायू. म्हणून प्रत्येकाची वाट वेगळी. आम्लाच्या वाफेला प्लॅस्टिकची किंवा आतून लेप दिलेल्या पोलादाची डक्ट. पेट घेणाऱ्या द्रावणांच्या वाफेला धातूची. ‘एकच मोठी डक्ट का नको?’ असे मी विचारले. तो म्हणाला, ‘काका, कल्हईवाल्याचा नवसागर आठवतो? हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ नि अमोनिया एकत्र आले की तोच तयार होतो. पांढरी भुकटी साचत जाते आणि डक्ट तुंबते.’ शेवटी आम्लाची वाफ पाण्याच्या फवाऱ्यातून धुऊन काढतात, मग उरलेली हवा बाहेर सोडतात. शेजाऱ्याच्या अंगणात केर लोटणाऱ्यांनी हे ऐकण्यासारखे आहे.

हे सारे चालले असता आमचे दादा, म्हणजे पुतण्याचे वडील, कोपऱ्यात गप्प बसून होते. दादांनी उमेदीची वर्षे क्रोमच्या मुलाम्याच्या एका कारखान्यात काढली. टाकीवर पत्र्याचे मोठे छत्र होते, पंखाही होता. पण वाफ वर जाणार, आणि दादा टाकीवर वाकलेले. ती छत्रात शिरण्याआधी त्यांच्या नाकातोंडातून जाई. नाकातल्या पडद्याला भोक पडले. वास गेला तो गेलाच. वहिनी चकल्या तळतात तेव्हा आम्ही सारे स्वयंपाकघराकडे ओढले जातो; दादांना हाक मारावी लागते.

पुतण्याने काढलेल्या टाकीच्या कडेलाच लांब, अरुंद फटी आहेत. वाफ उठते न उठते तोच ती आडवी, मागे ओढली जाते. माणसाच्या तोंडापर्यंत येतच नाही. पण बाहेर ओढलेल्या हवेइतकीच नवी हवा आत द्यावी लागते, नाहीतर खोलीतला दाब उतरून बाहेरची धूळ शिरते. ती नवी हवा गाळायची, थंड करायची, तिच्यातला दमटपणा बेताचा राखायचा. त्याला वीज लागते, विजेला पैसा. म्हणून पंखे थोडे मंद करा, असा आग्रह होतोच. ज्या टाक्या बंद आहेत तिथली ओढ तो खुशाल कमी करतो. माणूस उभा असतो तिथला आकडा मात्र तो खाली येऊ देत नाही. त्यावरून वरिष्ठांशी त्याचा दोनदा खटका उडाला आहे. हे त्याने मला हळूच सांगितले, पण दादांचे कान शाबूत आहेत.

ते उठून आले. चष्मा लावून बराच वेळ नकाशा पाहिला आणि त्या फटींवर बोट ठेवून म्हणाले, ‘माणूस कुठं उभा राहतो रे?’

नकाशात माणूस नव्हता. पुतण्याने माझी पेन्सिल घेऊन टाकीपुढे एक काढला. मान फार लांब झाली होती, पण मी खोडरबर दिले नाही.